कंगवा कातडीपर्यंत पोहोचतो का? लांब केसांच्या छोट्या कुत्र्याची घरच्या घरी निगा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सव्वा वर्षाची शिह त्झू जातीची मादी, वजन साडेपाच किलोच्या आसपास, रोज ब्रश फिरवूनही कानांमागे आणि काखेत गाठी होतात, आंघोळ घातली की त्या सुटण्याऐवजी आणखी आवळतात, मागच्या महिन्यात एक गाठ कात्रीने कापायला गेलात तेव्हा कातडीला जखम झाली, आणि तेव्हापासून ब्रश नुसता हातात घेतला तरी ती पलंगाखाली जाऊन बसते. हे काम घरी नीट करता येईल का आणि केस किती आखूड ठेवावेत, असे तुम्ही विचारले आहे. घरी करता येते, आणि त्यातले बरेचसे घरीच व्हायला हवे, कारण महिना-दीड महिन्यातून एकदा ग्रूमरकडे (कुत्र्यांचे केस विंचरून-कापून देणाऱ्याकडे) नेल्याने लांब केस निरोगी राहत नाहीत. मधल्या दिवसांत घरी काय होते यावर ते अवलंबून असते. मी वीसहून अधिक वर्षे हे काम करीत आहे आणि माझ्या टेबलावर जटा घेऊन येणाऱ्या कुत्र्यांचे पालक बहुधा तुमच्यासारखे रोज ब्रश करणारेच असतात.

त्यांची चूक एकच असते: ब्रश वरच्यावर फिरतो. शिह त्झू किंवा ल्हासा ॲप्सोच्या अंगावर वरचे लांब केस आणि त्याखाली मऊ, बारीक लोकर असे दोन थर असतात. ‘या जातीचे केस गळत नाहीत’ असे सांगितले जाते ते अर्धेच खरे आहे. केस गळतात, पण जमिनीवर न पडता शेजारच्या केसांत अडकून राहतात. त्या अडकलेल्या केसांना काखेत पायाच्या हालचालीचे, कानामागे खाजवण्याचे आणि हार्नेसच्या (छातीभोवती बांधायच्या साजाच्या) पट्ट्याखाली पट्ट्याचे घर्षण मिळाले, की लोकरीचा नमदा बनतो तसा त्यांचा नमदा कातडीलगत तयार होतो. वरचे केस मात्र ब्रशमुळे मोकळे आणि फुललेले दिसतात, त्यामुळे सगळे ठीक आहे असे वाटत राहते. त्यात तुमची मुलगी ज्या वयात आहे ते वयच वाईट. पहिल्या वाढदिवसाच्या आगेमागे पिल्लाचे केस जाऊन प्रौढ केस येतात, दोन्ही प्रकारचे केस काही महिने एकत्र नांदतात आणि त्या काळात काल विंचरलेल्या जागी आज गाठ दिसते. हा काळ सरला की निम्मा त्रास आपोआप कमी होतो, हे तुमच्या माहितीसाठी.

माल्टीज आणि यॉर्कशायर टेरिअर यांना खालची लोकर जवळजवळ नसते. त्यांचे केस रेशमासारखे असतात आणि गाठी कमी पण बारीक होतात. पॉमेरेनियनचा प्रकार अगदी वेगळा आहे आणि त्याविषयी पुढे कापण्याच्या संदर्भात लिहितो. विंचरण्याची पद्धत मात्र सर्वांना एकच लागू पडते.

साधनांवर फार खर्च करू नका. एक धातूचा कंगवा, ज्याचे अर्धे दात विरळ आणि अर्धे दाट आहेत. एक मऊ तारांचा स्लिकर ब्रश, ज्याच्या एका बाजूला बारीक वाकलेल्या तारा असतात. आणि एक फवारणीची बाटली, ज्यात पाणी आणि कुत्र्यांच्या कंडिशनरचे काही थेंब असतील. एवढ्यावर विंचरण्याचे सगळे काम होते. पूर्ण कोरड्या केसांवर ब्रश ओढला तर केस तुटतात, म्हणून हलका फवारा आवश्यक आहे. केस दमट व्हावेत, भिजू नयेत. गाठी कापणारी दातेरी पाती असलेली जी अवजारे मिळतात ती नवशिक्याने घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. ती केसांबरोबर कातडीही तितक्याच सहज कापतात. आणि तीन साधनांत सर्वांत महत्त्वाचे कोणते असे विचाराल तर कंगवा, कारण ब्रश खोटे बोलू शकतो, कंगवा बोलत नाही. विरळ दातांची बाजू कातडीला टेकवून टोकापर्यंत न अडकता निघाली, आणि नंतर दाट दातांचीही निघाली, तरच ती जागा विंचरली गेली असे समजावे.

आता प्रत्यक्ष पद्धत. टेबलावर किंवा जमिनीवर न घसरणारी चटई अंथरा. पाय घसरत असतील तर कोणताही कुत्रा शांत उभा राहत नाही. टेबल वापरत असाल तर एक हात सतत तिच्या अंगावर राहू द्या आणि फोन वाजला तरी तिला तिथे सोडून जाऊ नका, कारण एवढ्याशा कुत्र्याला टेबलावरून उडी मारून पाय मोडून घ्यायला क्षणही पुरतो. तिला कुशीवर झोपवता आले तर उत्तम, नाही तर उभी असतानाही चालते. मागच्या पायाच्या पंजापासून सुरुवात करा. डाव्या हाताचा तळवा सपाट ठेवून पायावरचे सगळे केस वरच्या दिशेने दाबून धरा आणि तळव्याच्या खालून केसांची फक्त एक बोटभर रुंदीची पट्टी खाली सोडा. तळवा आणि त्या पट्टीच्या मध्ये कातडीची एक फिकट रेषा दिसेल, आपण भांग पाडतो तशी. ती रेषा दिसत नसेल तर तुम्ही अजून वरच्यावरच आहात. त्या रेषेपासून बाहेरच्या दिशेने ब्रश हलक्या, छोट्या फटकाऱ्यांनी चालवा. मनगट सैल, खांदा स्थिर. ती पट्टी मोकळी झाली की कंगव्याने तपासा, मग तळव्याखालून पुढची पट्टी सोडा. असे थर उतरवत पायावरून मांडीवर, मांडीवरून कुशीवर आणि कुशीवरून पाठीच्या कण्यापर्यंत जायचे. छपरावरची कौले जशी खालून वर एकेक ओळ रचत नेतात तसा हा क्रम आहे.

ब्रशचा दाब किती असावा, हे शब्दांत सांगणे कठीण असल्यामुळे मी शिकणाऱ्यांना एक गोष्ट करायला लावतो: आपल्याच हाताच्या आतल्या बाजूवर तोच ब्रश दहा वेळा फिरवून पाहा. लाल रेघा उठल्या तर दाब जास्त आहे. एकाच जागी वारंवार ब्रश घासल्याने कातडी सोलवटते, आणि ती जखम केसांखाली असल्यामुळे दुसऱ्या दिवशी कुत्रा चाटू लागेपर्यंत कळत नाही.

काही जागा अशा आहेत की त्या मुद्दाम शोधून तपासल्याशिवाय हाताला लागतच नाहीत: काख, कानाच्या पाळीचा मागचा भाग आणि कान जिथे डोक्याला जोडला जातो तो सांधा, हार्नेसचे पट्टे जिथे जिथे बसतात त्या रेषा, जांघ, शेपटीच्या बुडाशी खालची बाजू, हनुवटी आणि बोटांच्या मधली जागा. तुमच्या वर्णनावरून काख आणि कान या दोनच जागी गाठी सापडल्या आहेत. मला खात्री आहे की हार्नेसखाली आणि जांघेतही त्या आहेत, फक्त तुमचा हात तिथे अजून गेलेला नाही. लांब केस ठेवायचे असतील तर हे संपूर्ण विंचरणे एक दिवसाआड, वीस-पंचवीस मिनिटे, आणि वर सांगितलेल्या अवघड जागा रोज, असा हिशेब धरा. घरात असताना हार्नेस काढून ठेवला तर काखेतल्या गाठी लक्षात येण्याइतक्या कमी होतात.

झालेल्या गाठीचे काय करायचे? वाटाण्याएवढी गाठ असेल तर ती सुटते. तिच्यावर थोडे कंडिशनरचे पाणी किंवा कोरडेच काम करायचे असेल तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा, त्याने केस एकमेकांवरून सरकतात. मग गाठ आणि कातडी यांच्या मध्ये डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी घालून केस मुळाशी घट्ट धरा, म्हणजे ओढ तुमच्या बोटांना बसेल, तिच्या कातडीला बसणार नाही. कंगव्याच्या कोपऱ्यातल्या एकदोन दातांनी गाठीच्या बाहेरच्या टोकापासून थोडेथोडे केस सोडवत आत या. मुळाकडून ओढायला सुरुवात केली तर गाठ आणखी आवळते. एका गाठीला दोन मिनिटांहून जास्त देऊ नका. तेवढ्यात सुटली नाही तर ती कापायचीच गाठ आहे असे समजा. तिच्या मुलायम केसांच्या हौसेपेक्षा तिचा तुमच्यावरचा विश्वास जपणे जास्त मोलाचे आहे, आणि केस तर परत येतातच.

मात्र कापायची ती कात्रीने नव्हे. तुमच्या हातून जी जखम झाली ती कशी झाली असेल हे मला न पाहताही दिसते आहे: गाठ नीट दिसावी म्हणून तुम्ही ती बोटांनी वर ओढून धरली, आणि तिच्याबरोबर खालची कातडीही तंबूच्या टोकासारखी वर आली. केसांच्या गर्दीत ते टोक दिसत नाही, आणि कात्री बरोबर त्याच्या खालून गेली. कुत्र्याची कातडी पातळ आणि सैल असते, काखेत व कानावर तर फारच. मीसुद्धा या कामाच्या पहिल्या वर्षी एका माल्टीजच्या कानाची कड अशीच कापली होती. कानाच्या बाहेरच्या कडेला, बुडाच्या बाजूला, कातडीची एक छोटी खिशासारखी दुहेरी घडी असते. ती असते हेच मला ठाऊक नव्हते. दोन टाके पडले. पालकांनी मला काही बोलले नाही, पण त्या दिवसापासून गाठीच्या जवळ मी कात्री नेत नाही. तुम्हीही आज दिवसाउजेडी तिच्या कानाच्या कडेवरून बोट फिरवून ती घडी ओळखून ठेवा.

मोठ्या गाठीसाठी क्लिपर, म्हणजे केस कापण्याचे यंत्र, वापरावे लागते आणि त्याला १० क्रमांकाचे पाते लागते. क्लिपरच्या पात्यांचा क्रमांक वाढतो तसे केस आखूड कापले जातात. १० क्रमांक सुमारे दीड मिलिमीटर केस ठेवतो आणि त्याच्या दातांमधल्या फटी पुरेशा बारीक असल्याने कातडी आत ओढली जाण्याचा धोका कमी असतो. ३० किंवा ४० क्रमांक घरी नकोच. जास्त लांबी ठेवणारी, विरळ दातांची पातीही गाठीखाली वापरू नयेत, कारण त्या फटींत कातडी शिरते. कातडी एका हाताने सपाट ताणून धरा, पाते कातडीला समांतर ठेवून गाठीच्या खालून सरकवा आणि ढकलू नका. पाते आपल्या गतीने जाईल तसेच जाऊ द्या. दर काही मिनिटांनी पाते आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. ते तापते आणि तापलेल्या पात्याने भाजल्याची खूण काही वेळाने दिसते. माणसांची दाढी करण्याचे ट्रिमर या दाट केसांत अडकून केस उपटते, त्यामुळे ते वापरू नका.

कानावरची मोठी, जुनी जट काढली तर एका गोष्टीवर लक्ष ठेवा. जटेच्या वजनाने आणि आवळण्याने तिथले रक्ताभिसरण दबलेले असते, ती निघाल्यावर कान हलका आणि खाजरा होतो, कुत्रा डोके जोरजोरात झटकतो आणि कानाच्या पाळीत रक्त साकळून ती उशीसारखी फुगू शकते. असे फुगलेले दिसले तर घरी सुई-दाभण काही करू नका, पशुवैद्याकडे जा. आणि जटा जर सगळ्या अंगावर एकसंध चादरीसारख्या झाल्या असतील, तर ते घरचे काम राहिलेलेच नाही. ते अनुभवी ग्रूमरने किंवा गरज पडल्यास पशुवैद्याने गुंगी देऊन करायचे असते. माणसांची झोपेची किंवा ॲलर्जीची गोळी अर्धी करून देण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका.

आंघोळीने गाठी आवळतात हे तुमचे निरीक्षण अगदी बरोबर आहे. केस पाणी पितात, फुगतात, शॅम्पू चोळताना एकमेकांत घुसतात आणि वाळताना तशाच अवस्थेत घट्ट बसतात. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात चोळून धुतल्यावर जे होते तेच इथे होते. म्हणून नियम असा की कंगवा सर्वत्र निघाल्याशिवाय पाणी अंगाला लावायचे नाही. तीन ते चार आठवड्यांनी एकदा आंघोळ पुरते. पाणी मनगटावर कोमट लागेल इतपतच असावे. शॅम्पू कुत्र्यांचाच घ्या: माणसाच्या त्वचेचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) साडेपाचच्या आसपास म्हणजे आम्लधर्मी असतो, कुत्र्याचा उदासीनाच्या जवळ असतो, आणि त्याची त्वचा आपल्यापेक्षा पातळही असते, त्यामुळे आपला शॅम्पू तिला कोरडी पाडतो. टी ट्री तेल असलेली ‘नैसर्गिक’ उत्पादने टाळा. ते तेल कुत्र्यांना विषारी ठरू शकते आणि अंग चाटल्यावर ते पोटातही जाते.

शॅम्पू बाटलीतून थेट अंगावर ओतण्याऐवजी एका मगात पाण्यात पातळ करून घ्या, नाही तर एका जागी थापला जातो आणि धुऊन निघत नाही. केसांच्या वाढीच्या दिशेने, वरून खाली पिळल्यासारखे हात चालवा. आपण आपले डोके चोळतो तसे गोल चोळलेत तर तासभर विंचरलेले सगळे पाच मिनिटांत वाया जाते. चेहऱ्यावर पाण्याची धार नको, ओल्या फडक्याने पुसा. शिह त्झू, पेकिनीज यांची नाके चपटी असल्यामुळे नाकात पाणी गेले की ती घाबरतात, आणि त्यांना घाबरण्याचे कारणही असते. शेवटी कंडिशनर, मग भरपूर पाण्याने धुणे; पाणी स्वच्छ येऊ लागले की आणखी एकदा. आंघोळीनंतर होणारी खाज मला तपासायला मिळते तेव्हा पोटाखाली किंवा काखेत राहिलेला शॅम्पू हेच कारण अनेकदा सापडते.

टॉवेलने दाबून पाणी टिपा, घासू नका. त्यानंतर केस आपोआप वाळू देणे ही दुसरी मोठी चूक, कारण लांब केस वाळताना ती अंग घासते, लोळते आणि नव्या गाठी बांधते. शिवाय कातडीलगतची ओल तासन्‌तास राहिली तर तिथे लाल, ओले चट्टे येतात. ड्रायर कमी उष्णतेवर, हातभर अंतरावरून, सतत हलता ठेवा आणि वाऱ्याच्या झोतात जिथे केस फाटून कातडी दिसते तिथेच स्लिकरने सरळ करत जा. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापा टाकून शरीर थंड करणे नीट जमत नाही, तेव्हा ती जिभेने धापा टाकू लागली की ड्रायर बंद करून थांबायचे.

केस किती आखूड ठेवावेत, याचे माझे उत्तर फार सौंदर्यवादी नाही: जेवढे तुम्ही न चुकता कातडीपर्यंत विंचरू शकता तेवढेच. आठवड्यातून तीन दिवस वीस मिनिटे शांतपणे देणे जमत नसेल तर सर्व अंगावर १० ते १३ मिलिमीटर केस ठेवावेत. यासाठी क्लिपरच्या पात्यावर बसणारी कंगव्याची टोपी मिळते. ती मोकळ्या, धुतलेल्या आणि पूर्ण वाळलेल्या केसांवरच चालते. केसांच्या दिशेनेच फिरवायची. काख, तसेच मांडी आणि पोट यांच्या मधली पातळ पडद्यासारखी घडी, घोट्यामागची दोरीसारखी कंडरा आणि पोटावरची स्तनाग्रे या जागी हात थांबवून आधी बोटाने चाचपून घ्या, मग पुढे जा. नरांत तर स्तनाग्रे असतात हेच लोक विसरतात. उन्हाळा आहे म्हणून कातडी दिसेपर्यंत भादरू नका. केस उन्हापासून संरक्षण करतात. पॉमेरेनियनला तर क्लिपर लावूच नये, कारण त्याच्या दुहेरी केसांचा थर मुळाशी कापल्यावर काही कुत्र्यांत तो महिनोन्‌महिने परत येत नाही किंवा ठिगळांसारखा येतो. त्याला विंचरून खालची लोकर काढणे आणि कडा नीटस करणे एवढेच पुरते.

डोळ्यांच्या कोपऱ्यातले केस बोथट टोकाच्या छोट्या कात्रीने कापावेत, आणि कात्रीचे टोक कधीही डोळ्याकडे असू नये. नाकाच्या दिशेला समांतर, डोळा आणि पाते यांच्या मध्ये तुमचे बोट. दुसऱ्या माणसाने हनुवटीखालचे केस धरून डोके स्थिर ठेवले तर सोपे जाते. मानगूट आवळून मात्र धरू नये: शिह त्झू, पेकिनीज यांच्या डोळ्यांच्या खोबणी उथळ असतात आणि मानेवर जोर पडल्याने डोळा बाहेर येण्याचे प्रकार घडतात. यॉर्कशायर आणि पॉमेरेनियन यांच्यात श्वासनलिका कमकुवत असण्याचे प्रमाण जास्त, त्यामुळे त्यांनाही गळपट्टा ओढून बांधू नये. डोक्यावर शेंडी बांधत असाल तर रबर सैल ठेवा, रोज काढा, आणि काढताना ओढण्याऐवजी कात्रीने कापून काढा.

डोळ्यांखाली जे तांबूस डाग पडतात ते अश्रूंमधल्या पोर्फिरीन नावाच्या रंगद्रव्याचे असतात, म्हणून तो गंजासारखा रंग. रोज कोमट पाण्याने किंवा निर्जंतुक सलाइनने ओल्या केलेल्या कापसाने पुसून, कोरडे करणे हाच उपाय. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून केस पांढरे करण्याच्या युक्त्या डोळ्याला घातक आहेत. डाग अचानक वाढले, किंवा ती डोळा मिटून धरू लागली, तर तो केसांचा प्रश्न नसून बुबुळावर जखम असण्याची शक्यता असते आणि त्यात एक दिवसही थांबू नये.

कानांबाबत थोडक्यात: कुत्र्याची कर्णनलिका आधी खाली आणि मग आत वळते, त्यामुळे कापसाची काडी मळ बाहेर न काढता आत ढकलते. कानातले केस उपटण्याची पद्धत पूर्वी सर्रास होती. आज निरोगी कानातले केस उगाच उपटू नयेत असे मानले जाते, कारण उपटल्याने आतली त्वचा सुजते. वास, काळा किंवा पिवळा मळ, डोके झटकणे दिसले तर तपासून घ्या. गुदग्रंथी दाबून रिकाम्या करणे हेही दरवेळचे काम नाही. ती जमिनीवर बूड घासत असेल तर पशुवैद्य पाहतील. दात मात्र रोज, कुत्र्यांच्या पेस्टने. माणसांच्या काही पेस्टमध्ये झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असतो आणि ते कुत्र्यांना अत्यंत विषारी आहे. छोट्या जातींच्या जबड्यात दात दाटीने बसतात आणि हिरड्यांचे आजार लवकर होतात.

नखे तीन-चार आठवड्यांनी कापावीत. पांढऱ्या नखात आतला गुलाबी, जिवंत भाग दिसतो, त्याच्या दोन मिलिमीटर अलीकडे थांबायचे. काळ्या नखात तो दिसत नाही, म्हणून पापुद्र्यासारखे पातळ काप घ्यायचे आणि प्रत्येक कापानंतर नखाचे कापलेले तोंड समोरून पाहायचे: सुरुवातीला ते कोरडे आणि पांढरट दिसते, आणि मध्यभागी गडद, किंचित ओलसर ठिपका दिसला की तिथेच थांबायचे. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला वर असलेले अंगठ्याचे नख केसांत लपते आणि जमिनीला न लागल्यामुळे झिजत नाही; ते गोल वळून कातडीत रुतलेले मी कितीतरी वेळा काढले आहे. रक्त आलेच तर रक्त थांबवणारी पावडर किंवा कॉर्नफ्लोअर दाबून दोन मिनिटे धरा. त्याच वेळी पंजाच्या गाद्यांच्या पातळीला समांतर असे खालचे केस कापून घ्या, नाही तर गुळगुळीत फरशीवर तिचे पाय घसरतात. गाद्यांच्या मधल्या खोल खाचेत मात्र कात्री घालू नका.

राहिला तिच्या भीतीचा प्रश्न, जो खरे तर तुमच्या बाबतीत पहिला आहे. जखम होऊन महिना झाला आहे, कातडी भरून आली असेल, पण ब्रश म्हणजे दुखणे हे तिने पक्के शिकून घेतले आहे. अशा अवस्थेत तिला पलंगाखालून ओढून काढून काखेतल्या गाठी सोडवायला बसलात तर ती पुढच्या वेळी चावेल, आणि तो तिचा दोष नसेल. म्हणून माझा सल्ला असा आहे की आताच्या गाठी एकदा एखाद्या शांत स्वभावाच्या, तुम्हाला शेजारी उभे राहू देणाऱ्या ग्रूमरकडून क्लिपरने काढून घ्या आणि सगळे अंग १० मिलिमीटरवर आणा. त्यामुळे तुम्हाला दीड-दोन महिने असे मिळतात की ज्यांत विंचरताना काहीच अडकणार नाही, म्हणजेच काहीच दुखणार नाही. शिकवण्यासाठी हीच वेळ.

पहिले तीन दिवस ब्रश जमिनीवर ठेवून त्याच्याभोवती तिच्या आवडीचा खाऊ टाका आणि तुम्ही ब्रशला हातही लावू नका. ती स्वतःहून जवळ येऊ लागली की ब्रश हातात घ्या, खाऊ द्या, ब्रश खाली ठेवा. मग ब्रशची उलटी, लाकडी बाजू तिच्या खांद्याला टेकवून लगेच खाऊ. त्यानंतर तारांची बाजू, एकच फटकारा, तोही खांद्यावर, कारण पाय, शेपटी आणि कान या तिच्या नाजूक जागा आहेत आणि त्या शेवटी घ्यायच्या. ओठ चाटणे, तोंड फिरवणे, वारंवार जांभई देणे, डोळ्यांचे पांढरे दाखवत तिरके पाहणे ही ‘पुरे’ म्हणण्याची तिची भाषा आहे. गुरगुरणे फार नंतर येते, आणि आधीचे सगळे दुर्लक्षित झाले तरच येते. त्यांतले एक चिन्ह दिसले की एक पायरी मागे जा. रोज दोन मिनिटे पुरेत, जेवणाच्या आधी, ती भुकेली असताना. काखेपर्यंत पोहोचायला तुम्हाला बहुधा तीन-चार आठवडे लागतील; तोपर्यंत काखेतले केस क्लिपरने आखूडच ठेवा, म्हणजे तिथे घाईने काही करण्याची वेळ येणार नाही. आणि ज्या कात्रीने ती जखम झाली ती काही दिवस तिच्या नजरेआड, कपाटात ठेवून द्या.